बुडत्या बँका आणि चढता भाव

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत अलीकडे 'बिटकॉइन' हा शब्द वारंवार येऊं लागला आहे, आणि त्यांच्या पालकांपैकींहि कित्येकांनीं ह्या नाण्याविषयीं वर्तमानपत्रांत कांहीं ना कांहीं वाचलें असेलच. ह्या शब्दाच्या पाठोपाठ एक सूत्रहि ठरलेलें असतें. तें असें कीं, एखादी मोठी बँक डबघाईस आली म्हणजे बिटकॉइनचा भाव चढतो. सबब शहाण्या माणसानें बँकेंतील ठेव मोडून वेळींच तें विकत घ्यावें. प्रश्न घरांतील शिलकेचा असल्यामुळें हें सूत्र नुसतें ऐकून सोडून देण्याजोगें नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत बँकांवर संकटें आलीं असतां ह्या नाण्याच्या भावाचें काय झालें, तें घडलें तसें येथें सांगावें व त्याचीं कारणें शोधावीं, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम बँक बुडते म्हणजे काय होतें, तें पाहूं. आपण ठेवलेले पैसे बँकेच्या तिजोरींत आपली वाट पाहत पडून असतात, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नसतें. शुभवर्तमानांतील दृष्टांतांत ज्या चाकरानें धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेविलें, त्यास धनी रागें भरतो कीं, तें सावकारांकडे ठेविलें असतेंस तर निदान व्याज तरी हातीं आलें असतें. व्याज मिळतें तें पैसा पुरलेला नसतो म्हणूनच. बँक आपली ठेव घेते, तींतील बहुतेक भाग दुसऱ्यास कर्जाऊ देते किंवा सरकारी रोख्यांत गुंतविते, आणि रोजच्या देवघेवीपुरती रोकड तेवढी हाताशीं ठेविते. सर्व ठेवीदार एकाच दिवशीं दाराशीं येत नाहींत, ह्या अनुभवावर हा सारा व्यवहार उभा आहे. ज्या दिवशीं ते येतात, त्या दिवशीं चांगल्या चाललेल्या बँकेचेंहि कंबरडें मोडतें. शिवाय, दुसरे लोक पैसे काढीत आहेत असें कळलें कीं, ज्याच्या मनांत काढावयाचें नव्हतें तोहि रांगेंत जाऊन उभा राहतो. आणि त्याला मूर्ख म्हणतां येत नाहीं, कारण रांगेच्या शेवटीं असणाऱ्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं, हें त्यास ठाऊक असतें.

ही धांव थांबावी म्हणून बहुतेक देशांत ठेवींचा विमा असतो. आपल्या देशांत तो १९६२ सालीं सुरू झाला, आणि फेब्रुवारी २०२० मध्यें त्याची मर्यादा एक लाखावरून पांच लाख रुपये करण्यांत आली. त्याच्या कांहीं महिने आधीं, सप्टेंबर २०१९ मध्यें, मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले, तेव्हां आरंभीं प्रत्येक खातेदारास सहा महिन्यांत एक हजार रुपयेच काढण्याची मुभा होती. त्या दिवसांतील रांगा ज्या पालकांनीं पाहिल्या असतील, त्यांना ठेवीदाराची भीति म्हणजे काय हें सांगावयास नको.

अशाच भीतीच्या दिवसांत बिटकॉइनचा जन्म झाला. २००८ सालीं अमेरिकेंत व युरोपांत मोठमोठ्या बँका कोसळत असतां, ३१ ऑक्टोबर रोजीं सातोशी नाकामोटो हें नांव धारण करणाऱ्या कोणी व्यक्तीनें (किंवा मंडळीनें, खरें नांव निश्चितपणें कळलेलें नाहीं) एक नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला. बँकेच्या मध्यस्थीवांचून एकानें दुसऱ्यास संगणकांच्या जाळ्यांतून पैसे कसे पाठवावे, ह्याची युक्ति त्यांत सांगितली होती. ३ जानेवारी २००९ ही तारीख ह्या नाण्याच्या खतावणीच्या पहिल्या पानावर आहे, आणि त्याच पानांत त्या दिवशींच्या लंडनच्या 'टाइम्स' पत्राचा एक मथळा कायमचा नमूद करून ठेविला आहे. ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा मदतीचा हात देण्याच्या बेतांत आहेत, असा त्याचा आशय. बँकांवरील अविश्वास ह्या नाण्याच्या जन्मपत्रिकेंतच लिहिलेला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही खतावणी कोणा एका पेढीच्या गादीवर नसते. जगांतील हजारों संगणकांवर तिची एकसारखी प्रत असते. सुमारें दर दहा मिनिटांनीं तिला एक नवें पान जोडलें जातें. पान जोडण्यासाठीं संगणकांना एक अवघड गणिती कोडें सोडवावें लागतें, आणि जो तें प्रथम सोडवील त्यास कांहीं नवीं नाणीं बक्षीस मिळतात. हें बक्षीस सुमारें दर चार वर्षांनीं निम्में होतें. त्यामुळें नाण्यांची एकंदर संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढें कधींच जावयाची नाहीं. कल्पना मोठ्या चातुर्याची आहे, आणि तिची प्रशंसा करण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं.

परंतु संख्या ठरलेली असली म्हणून किंमत ठरत नाहीं. शेतास पीक येतें, घरास भाडें येतें, कारखान्याच्या भागावर नफा मिळतो, रोख्यावर व्याज मिळतें; ह्या उत्पन्नावरून त्या त्या वस्तूच्या वाजवी किंमतीचा कांहीं तरी अदमास बांधतां येतो. बिटकॉइनला असें उत्पन्न नाहीं, आणि तें घेऊन त्याबदलीं ठराविक मोल देण्यास कोणी बांधलेलाहि नाहीं. उद्यां दुसरा काय देईल, एवढाच त्याच्या आजच्या भावाचा आधार. २२ मे २०१० रोजीं अमेरिकेंत एका गृहस्थानें दोन पिझ्झ्यांसाठीं दहा हजार बिटकॉइन मोजलीं. आज त्या सौद्यास लोक हंसतात, पण त्या दिवशीं तो मुळींच वेडगळपणाचा नव्हता. सोन्याचेंहि असेंच आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो कांहीं अंशीं खराहि आहे. तथापि सोनें निदान अंगावर तरी घालतां येतें.

आतां बँकांच्या संकटाकडे वळूं. भूमध्य समुद्राच्या पूर्व कोपऱ्यांत सायप्रस नांवाचें बेट आहे. मराठी पवित्र शास्त्रांत ज्यास कुप्र म्हटलें आहे, व जें बर्णबाची जन्मभूमि होय, तेंच हें. ह्या लहानशा देशांतील बँका देशाच्या मानानें अवाढव्य वाढल्या होत्या. परदेशांतून, विशेषतः रशियांतून, त्यांच्याकडे पुष्कळ ठेवी येत, आणि त्या त्यांनीं शेजारच्या ग्रीस देशाच्या सरकारी रोख्यांत मोठ्या प्रमाणावर गुंतविल्या होत्या. २०१२ सालीं ग्रीसनें आपल्या कर्जाचा मोठा भाग बुडविला, आणि सायप्रसच्या बँकांचे चारशें कोटींहून अधिक युरो त्याबरोबर गेले. बँकांना सावरण्याचें सामर्थ्य तेथील सरकारांत नव्हतें. त्यानें युरोपांतील राष्ट्रांकडे व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरला.

शनिवार, १६ मार्च २०१३ च्या पहाटे ब्रुसेल्स येथें ठराव झाला. एक हजार कोटी युरोंचें कर्ज मिळावयाचें होतें, पण अट अशी कीं, देशांतील प्रत्येक ठेवीदाराकडून एकवार कर कापून घ्यावा: एक लाख युरोंपर्यंतच्या ठेवींवर शेंकडा ६.७५, व त्यावरील ठेवींवर शेंकडा ९.९. एक लाखाच्या आंतील ठेवींना विम्याचें अभय दिलेलें होतें, आणि तींच ठेव आतां कापली जाणार होती! लोक यंत्रांतून पैसे काढावयास धांवले. थोड्याच वेळांत यंत्रें रिकामीं झालीं. सोमवारीं उपवासकालाच्या आरंभाची सुटी होती, आणि त्यानंतर बँका उघडल्याच नाहींत. मंगळवारीं, १९ मार्चला, तेथील विधिमंडळापुढें हा कर आला तेव्हां त्याच्या बाजूनें एकहि मत पडलें नाहीं; छत्तीस विरुद्ध पडलीं व एकोणीस सभासद तटस्थ राहिले. २५ मार्चला दुसरा ठराव झाला. लहान ठेवी वांचल्या. लाइकी नांवाची बँक बंद करण्यांत आली, आणि बँक ऑफ सायप्रसच्या मोठ्या ठेवीदारांच्या एक लाखावरील रकमेपैकीं शेवटीं शेंकडा ४७.५ भाग काढून घेऊन त्याबदलीं त्याच बँकेचे शेअर त्यांच्या हातीं देण्यांत आले. बँका उघडल्या त्या २८ मार्चला, आणि तेव्हांहि माणशीं दिवसाला तीनशें युरोंहून अधिक काढण्याची सोय नव्हती.

ह्याच दिवसांत बिटकॉइनचा भाव भराभर चढत होता. जानेवारीच्या आरंभीं एका नाण्यास तेरा डॉलर पडत; सायप्रसच्या ठरावाच्या सुमारास सत्तेचाळीस; एप्रिलच्या पहिल्या तारखेस शंभर; आणि १० एप्रिल रोजीं दोनशें सहासष्ट! सरकार ठेवीवर हात टाकूं शकतें हें लोकांनीं प्रत्यक्ष पाहिलें, म्हणून ते सरकारच्या हाताबाहेरच्या नाण्याकडे धांवले, असें त्यावेळीं जगभर लिहिलें गेलें, आणि आरंभीं सांगितलेलें सूत्र तेव्हांपासून रूढ झालें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबून एक साधा प्रश्न विचारावा, असें आम्हांस वाटतें. हीं नाणीं घेत होतें कोण? निकोसियाचा भयभीत दुकानदार तर नव्हे. त्याची बँक बारा दिवस बंद होती. त्याचे युरो बँकेंतून बाहेर पडत नव्हते. ते दूर टोकियोंतील नाण्यांच्या बाजारापर्यंत पोंचावे कसे? बँका उघडल्यावरहि देशाबाहेर पैसे पाठविण्यावर कडक निर्बंध होते, आणि ते सर्वस्वीं उठण्यास एप्रिल २०१५ उजाडला. ज्याला आश्रयाची गरज होती त्याला तो घेतां येत नव्हता. आणि जे घेत होते, त्यांपैकीं बहुतेकांची ठेव सायप्रसमध्यें नव्हतीच. भीतीनें पळणारी माणसें हे घेणारे नव्हत. पळणारीं माणसें उद्यां ह्याच वाटेनें येतील अशा हिशेबानें वाटेवर आधींच जाऊन बसलेले ते हे घेणारे. आमच्या भाषेंत ह्यास सट्टा म्हणतात.

शिवाय भाव सायप्रसपूर्वींच, दोन महिन्यांपासून चढत होता, हें वर दिलेल्या आंकड्यांवरूनच दिसेल. नव्या नाण्यांचें बक्षीस नोव्हेंबर २०१२ मध्यें निम्म्यावर आलें होतें. १८ मार्च २०१३ ला अमेरिकेच्या अर्थखात्याच्या एका शाखेनें अशा नाण्यांच्या व्यापाऱ्यांसाठीं नियम स्पष्ट केले, त्यामुळें तो व्यापार बेकायदा ठरणार नाहीं असा धीर कित्येकांना आला. ह्यांतील कोणत्या कारणाचा वांटा किती, हें तराजूंत घालून सांगतां येत नाहीं. परंतु सायप्रसची हकीकत ऐकावयास सोपी व मनास चटका लावणारी होती, म्हणून इतर कारणें मागें पडून तीच तेवढी लोकांच्या लक्षांत राहिली.

आणि १० एप्रिललाच, दोनशें सहासष्टांचा उच्चांक गांठल्यानंतर कांहीं तासांत, भाव सुमारें एकशें पांचावर आला. सायप्रसमध्यें त्या दिवशीं कांहींच सुधारलें नव्हतें. झालें एवढेंच कीं, ज्या बाजारांत बहुतेक देवघेव चाले, त्या टोकियोंतील माउंट गॉक्सचीं यंत्रें गिऱ्हाइकांच्या गर्दीखालीं रेंगाळलीं. विकावयास आलेल्यांना विकतां येईना, त्यांनीं घाबरून आणखी खालचा भाव सांगितला, आणि बाजार गडगडला. दुसऱ्या दिवशीं तेथील व्यवहार कांहीं काळ बंदच ठेवावे लागले. बँकेच्या दाराशीं जी धांव लागते, तिचेंच हें दुसरें रूप. येथें विमा नव्हता, एवढाच फरक.

माउंट गॉक्सची पुढील कथाहि सांगितली पाहिजे. मुळांत हें संकेतस्थळ एका खेळांतील पत्त्यांच्या अदलाबदलीसाठीं निघालें होतें, हें ऐकून मुलांना गंमत वाटेल. बँकेवर विश्वास नाहीं म्हणून बिटकॉइन घेणारे कित्येक लोक तीं नाणीं घेऊन ह्याच दुकानांत ठेवून जात, म्हणजे नांव बदलून बँकेंतच ठेवीत. फेब्रुवारी २०१४ मध्यें ह्या दुकानाचें दिवाळें निघालें, आणि साडेआठ लाख बिटकॉइन नाहींशीं झाल्याचें उघड झालें. त्यांपैकीं दोन लाख पुढें सांपडलीं. आपल्याकडेहि जुलै २०२४ मध्यें वझीरएक्स ह्या मुंबईस कार्यालय असलेल्या बाजारांतून तेवीस कोटी डॉलरांहून अधिक किंमतीचीं निरनिराळीं नाणीं चोरीस गेलीं, आणि गिऱ्हाइकांना आपलीं उरलेलीं नाणीं काढण्यास एक वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. अशा ठेवींना ठेव-विम्याचे पांच लाख लागू नाहींत, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. सायप्रसमध्यें मात्र ह्या साऱ्या गडबडींतून एक निराळीच गोष्ट निघाली: निकोसिया विद्यापीठानें नोव्हेंबर २०१३ मध्यें विद्यार्थ्यांची फी बिटकॉइनच्या रूपानें स्वीकारण्याचें जाहीर केलें.

दहा वर्षांनीं, मार्च २०२३ मध्यें, हाच खेळ अमेरिकेंत पुन्हा झाला. मध्यंतरीं बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्यें एकोणसत्तर हजार डॉलरांच्या आसपास जाऊन पुन्हा वीस हजारांच्या खालीं उतरलें होतें. कॅलिफोर्नियांतील सिलिकॉन व्हॅली बँकेनें व्याजाचे दर अगदीं कमी असतां लांब मुदतीचे रोखे मोठ्या प्रमाणावर घेतले होते, आणि २०२२ मध्यें दर झपाट्यानें चढले. असें झालें म्हणजे जुन्या रोख्याची किंमत कां उतरते, हें आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं करून पाहावें. शंभर रुपयांचा, दहा वर्षांनीं फिटणारा, शेंकडा दोन व्याजाचा रोखा आपल्या हातीं आहे. बाजारांत तसाच नवा रोखा शेंकडा पांच देऊं लागला, तर आपला जुना रोखा शंभरास कोण घेईल? चक्रवाढीनें हिशेब केला तर त्याचे सुमारें सत्त्याहत्तर रुपये येतात. बँकेनें असे रोखे विकून १८० कोटी डॉलरांचा तोटा सोसल्याचें ८ मार्चला जाहीर केलें. ९ मार्चला एका दिवसांत ठेवीदारांनीं ४,२०० कोटी डॉलर काढून नेले. १० मार्चला सरकारनें बँकेला टाळें लाविलें. तिच्या बहुतेक ठेवी विम्याच्या अडीच लाख डॉलरांच्या मर्यादेबाहेरच्या होत्या.

आणि येथें एक विलक्षण प्रकार घडला. ह्या नाण्यांच्या कुटुंबांत 'यूएसडी कॉइन' नांवाचें एक नाणें आहे. त्याचा भाव नेहमीं बरोबर एक डॉलर राहावा, म्हणून तें काढणारी कंपनी तितकेच डॉलर व सरकारी रोखे बाजूस ठेविते. त्या सुमारें चार हजार कोटींपैकीं ३३० कोटी डॉलर ठेविले होते ह्याच सिलिकॉन व्हॅली बँकेंत! ही वार्ता फुटतांच ११ मार्चला त्या नाण्याचा भाव ८८ सेंटांच्याहि खालीं गेला. बँकांपासून मुक्त म्हणून ज्या घराचा गाजावाजा होता, त्याची एक भिंत बँकेचीच निघाली. ती सावरली कोणी? १२ मार्चला, रविवारीं संध्याकाळीं, अमेरिकन सरकारनें सर्व ठेवीदारांचे सर्व पैसे देण्याची हमी दिली, आणि सोमवारीं तें नाणें पुन्हा डॉलराच्या जवळ आलें.

बिटकॉइनचें काय झालें? तें १० मार्चला प्रथम वीस हजार डॉलरांच्या खालीं पडलें, आणि सरकारच्या हमीनंतर कांहीं दिवसांत सव्वीस हजारांवर गेलें. म्हणजे बँक बुडतांना उतरलें व ठेवीदार वांचल्यावर चढलें. ह्याचें एक कारण असें कीं, बँकांची ही दशा पाहून अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजाचे दर चढविणें लवकरच थांबवील, अशी अटकळ लोकांनीं बांधली. आणि व्याज उतरण्याची आशा दिसली कीं सट्ट्याच्या बहुतेक वस्तू महागतात.

ह्याच आठवड्यांत एक पैज लागली. बालाजी श्रीनिवासन हे ह्या क्षेत्रांतील एक प्रसिद्ध भांडवलदार. कॉइनबेस नांवाच्या मोठ्या बाजाराचे ते पूर्वीं तंत्रप्रमुख होते. अमेरिकेच्या डॉलराचें मोल लवकरच पार नाहींसें होईल व नव्वद दिवसांच्या आंत एका बिटकॉइनला दहा लाख डॉलर पडतील, असें त्यांनीं १७ मार्चला जाहीर केलें, आणि एका बिटकॉइनविरुद्ध दहा लाख डॉलर लावले. अशी पैज दोघांशीं घेण्यास त्यांनीं तयारी दाखविली.

आमच्या विद्यार्थ्यांना येथेंहि एक उदाहरण सोडवितां येईल. त्या दिवशीं एका बिटकॉइनचा भाव सव्वीस हजार डॉलर धरला, तर दहा लाखांत अडतीस बिटकॉइन विकत मिळत होतीं. भाव खरोखरच दहा लाखांवर जाईल अशी ज्याची खात्री असेल, त्यानें अडतीस नाणीं घेऊन स्वस्थ बसावें. एका नाण्यासाठीं तेवढीच रक्कम पणास लावण्यांत हिशेब दिसत नाहीं. तेव्हां ही पैज नफ्यासाठीं नसून दवंडी म्हणून होती, हें उघड आहे. आणि पैसे खर्चून धोक्याची घंटा वाजविणें हाच आपला उद्देश होता, असें त्यांनींहि पुढें लिहिलें. त्यांच्या हेतूविषयीं आम्ही शंका घेत नाहीं. परंतु ज्याच्यापाशीं माल आहे त्यानें मालाच्या भावाची दवंडी पिटली, तर ऐकणाऱ्यानें ती दवंडी आहे हें ओळखून ऐकावी. आणखी एक मौजेची गोष्ट ही कीं, पैजेची रक्कम ते ठेवणार होते यूएसडी कॉइनमध्यें. म्हणजे आठवड्यापूर्वींच डगमगलेल्या, व सरकारच्या हमीनें सावरलेल्या, त्याच नाण्यांत.

१ मे २०२३ रोजीं फर्स्ट रिपब्लिक ही आणखी एक मोठी अमेरिकन बँक सरकारनें ताब्यांत घेऊन जे. पी. मॉर्गन चेसला विकली. त्यावेळीं बिटकॉइन अठ्ठावीस हजारांच्या आसपास होतें, व जागचें फारसें हललें नाहीं. त्याच सुमारास श्रीनिवासन यांनीं मुदत भरण्यापूर्वींच हार पत्करून एकंदर पंधरा लाख डॉलर दिले: पांच लाख पैज घेणाऱ्यास, पांच लाख बिटकॉइनचे संगणकीय काम करणाऱ्या मंडळीस, आणि पांच लाख गोरगरिबांना रोख मदत पोंचविणाऱ्या एका धर्मादाय संस्थेस. मूळ मुदत जून महिन्याच्या मध्यास भरत होती. त्या दिवशीं एका बिटकॉइनचा भाव पंचवीस हजार डॉलरांच्या आसपास होता.